शेवटचे चाळीस मीटर

3 डिसेंबर 1999 च्या शुक्रवारी मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ तीन यानं पोहोचायची होती. त्यातलं एक मोठं, तीन पायांवर अलगद उतरणारं: मार्स पोलर लँडर. दुसरी दोन इवलीशी, जमिनीत थेट घुसणारी. तिघांनाही एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे मंगळाच्या पृष्ठभागाखाली काय दडलंय ते. तिघांपैकी एकाचाही शब्द परत आला नाही.

खालच्या वेळा कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाच्या आहेत, कारण वाट पाहणारी माणसं तिथल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये बसली होती. मंगळावरचा संदेश त्या दिवशी पृथ्वीवर यायला सुमारे 14 मिनिटं लागत होती. त्यामुळे इथे ‘दुपारी 12:14’ लिहिलंय ती पृथ्वीवर खबर पोहोचली असती ती वेळ. मंगळावर जे व्हायचं ते त्याआधीच होऊन गेलेलं होतं. भारतात तेव्हा तारीख बदलून मध्यरात्रीनंतरचे पावणेदोन होत आले होते.

प्रक्षेपणाच्या आधी, यानाची बांधणी चालू असताना

यान डेन्व्हरमध्ये लॉकहीड मार्टिन कंपनी बांधत होती. घडी घातलेले पाय उघडायचे आणि मग ते जमिनीला टेकल्याचं संगणकाला कळतंय का ते पाहायचं, अशी एक चाचणी झाली. प्रत्येक पायात एक चुंबकीय संवेदक होता. पाय टेकला की संवेदकाकडून खूण जायची आणि संगणकानं इंजिनं बंद करायची, एवढं साधं काम. पण संवेदकांच्या तारा चुकीच्या जोडलेल्या निघाल्या, कारण तारांच्या आराखड्यातच चूक होती. जोडणी दुरुस्त झाली. चाचणीतला जमिनीला टेकण्याचा भाग पुन्हा केला गेला आणि तो व्यवस्थित पार पडला.

पाय उघडण्याचा भाग मात्र पुन्हा केला नाही. जोडणी नीट झाल्यावर पाय उघडताना संगणकाकडे काय पोहोचतं, हे त्यामुळे कोणाच्या नजरेस आलं नाही. मला विचाराल तर उलटी गणती सुरू झाली ती इथे.

3 जानेवारी 1999, केप कॅनाव्हेरल

डेल्टा-2 अग्निबाणावरून यान निघालं. मुक्काम ठरला होता 76 अंश दक्षिण अक्षांशावरचा प्रदेश, प्लॅनम ऑस्ट्राले नावाच्या पठाराची कड. तोपर्यंत मंगळाच्या ध्रुवाच्या इतक्या जवळ कोणी उतरलं नव्हतं. व्हायकिंगची दोन्ही यानं आणि 1997 चं पाथफाइंडर ध्रुवापासून बऱ्याच दूरच्या, उत्तर गोलार्धातल्या जमिनीवर उतरली होती.

ध्रुवच का, हे सांगायला हवं. माळशेज किंवा वरंध घाटातून जाताना कड्यावर एकावर एक आडवे थर दिसतात. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एक लोंढा, आणि त्या कड्याकडे पाहून भूवैज्ञानिक दख्खनच्या जन्माची कहाणी मांडतो. मंगळाच्या ध्रुवांवर असेच थर आहेत, फक्त लाव्हाचे नव्हे तर बर्फाचे आणि धुळीचे. मंगळाचा आस पृथ्वीच्या आसासारखा स्थिर नाही. लाखो वर्षांच्या ओघात तो कधी कमी कलतो, कधी फार जास्त, आणि त्याबरोबर ऋतू बदलतात, बर्फ एका ठिकाणाहून उडून दुसरीकडे साचतो, धूळ कधी दाट बसते कधी विरळ. म्हणजे मंगळाच्या हवामानाचा इतिहास तिथे तळापासून वरपर्यंत रचून ठेवलेला आहे. वरून, कक्षेतून, थरांच्या कडा दिसतात. पण बर्फ किती, माती किती, बर्फ पाण्याचा की कार्बन डायऑक्साइडचा, थर आत किती थंड, हे समजायला हात घालावाच लागतो.

हात होताच. यानावर दोन मीटर लांबीचा यांत्रिक हात बसवलेला होता, माती उकरून चर खणायला. उकरलेली माती टाकायला आठ छोट्या भट्ट्या होत्या, प्रत्येक एकदाच वापरायची. माती तापवायची, तिच्यातून निघणारी वाफ आणि वायू ओळखायचे. ही भट्टी अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या विल्यम बॉयन्टन यांच्या चमूनं केली होती, आणि या सगळ्या उपकरणसंचाचं नेतृत्व लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातले डेव्हिड पेज करत होते. शिवाय उतरताना खालचे फोटो काढणारा कॅमेरा, रशियन संशोधकांचं लेझर उपकरण आणि प्लॅनेटरी सोसायटीनं दिलेला मायक्रोफोन. मंगळावर निघालेला तो पहिला मायक्रोफोन होता.

दोन छोट्या यानांची मोहीम वेगळी होती, ‘डीप स्पेस 2’. त्यांना नावं दिली होती अमुंडसेन आणि स्कॉट, पृथ्वीच्या दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या दोन प्रवाशांची. ती दोघं लँडरच्याच वाहनाला चिकटून मंगळापर्यंत जाणार होती. त्यांच्याकडे नंतर येतोच.

नासाचे तेव्हाचे प्रमुख डॅन गोल्डिन यांचं सूत्र होतं: अधिक वेगानं, अधिक चांगलं, अधिक स्वस्तात. स्वस्ताची किंमत कुठे मोजली गेली, त्याचं एक उदाहरण इथेच नोंदवतो. यान मंगळाच्या वातावरणात शिरल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत पृथ्वीशी बोलेल, अशी सोयच त्यावर ठेवलेली नव्हती. पैसा आणि वजन दोन्ही वाचवायचं होतं.

23 सप्टेंबर 1999, आणखी 71 दिवस

जोडीचं यान, मार्स क्लायमेट ऑर्बिटर, मंगळाच्या कक्षेत शिरताना नष्ट झालं. कारण आता जगभरच्या अभियांत्रिकी वर्गांत शिकवलं जातं. जमिनीवरच्या एका प्रणालीनं इंजिनांच्या धक्क्यांचे आकडे पौंड-सेकंदांत दिले आणि दुसरीनं ते न्यूटन-सेकंद समजून घेतले. यान ठरल्यापेक्षा फार खाली गेलं.

ऑर्बिटर पुढे लँडरचे संदेश पृथ्वीवर पाठवणार होतं, म्हणजे लँडरचा एक दुवा तिथेच तुटला. पण या धक्क्याचा उपयोगही झाला. उरलेल्या दहा आठवड्यांत लँडरची पुन्हा कसून तपासणी झाली आणि तपासणाऱ्यांना एक खरी अडचण सापडली. उतरण्याची इंजिनं हायड्रॅझीनवर चालणारी होती आणि इतक्या थंडीत ती नीट पेटतील याची खात्री नव्हती. तेव्हा उतरण्याआधी ती तापवून घ्यायचं ठरलं. हे काम चांगलं झालं, असं माझं मत आहे. थकलेल्या, मोजक्या माणसांनी योग्य जागी बोट ठेवलं. पायांच्या संवेदकांकडे मात्र बोट गेलं नाही, कारण कागदावर ती चाचणी उत्तीर्ण होती.

3 डिसेंबर, पहाट. उतरायला सहा-सात तास

दिशा सुधारण्यासाठी इंजिनं शेवटची थोडा वेळ पेटवली गेली. यान ठणठणीत होतं. मंगळाच्या दक्षिण गोलार्धात वसंत संपत आला होता, उतरण्याच्या जागी सूर्य मावळतच नव्हता. सौरपट्ट्यांवर चालणाऱ्या यानाला याहून चांगला मुहूर्त मिळणं कठीण. जवळपास तीन महिने काम चालेल असा अंदाज होता.

दुपारी 12:02

वातावरणात शिरण्यासाठी यान वळलं. वळताच त्याचा अँटेना पृथ्वीपासून दूर गेला आणि संदेश थांबला.

हे अपेक्षितच होतं. खोलीतल्या कोणालाही त्यात वावगं वाटण्याचं कारण नव्हतं. यानाकडून पृथ्वीला मिळालेलं हे शेवटचं काही.

12:05 च्या सुमारास

मंगळापर्यंत वाहून आणणाऱ्या प्रवासी टप्प्यापासून लँडर सुटायचं होतं आणि त्यानंतर काही सेकंदांनी अमुंडसेन आणि स्कॉट सुटायचे होते.

या दोघांविषयी थोडं थांबून लिहितो, कारण लँडरच्या बातमीत ते नेहमी दोन ओळींत उरकले जातात, आणि खोल जाण्याची खरी हिंमत त्यांच्यात होती. कवचासकट प्रत्येकाचं वजन साडेतीन किलोच्या आसपास, कवचाचा आकार बास्केटबॉलएवढा. पॅराशूट नाही. वेग कमी करणारं इंजिन नाही. अवकाशातून सुटायचं, आणि ताशी सुमारे साडेसहाशे किलोमीटर वेगानं सरळ जमिनीवर आदळायचं. आदळताच कवचाचा चुरा व्हायचा, मागचा भाग अँटेना वर करून पृष्ठभागाशी अडकून राहायचा आणि सुमारे दहा सेंटीमीटर लांबीचा, बोटात धरता येईल असा टोकदार पुढचा भाग जमिनीत एक मीटरपर्यंत घुसायचा. दोघांना जोडणारी एक लवचीक तार.

त्या टोकदार भागात एक इवलासा ड्रिल होता. घुसल्यावर तो आडवा बाहेर येऊन मातीचा कण, ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी, आत ओढणार होता. मग ती माती तापवायची आणि वाफेत पाणी आहे का ते लेझरनं पाहायचं. भाग थांबताना कुठे किती झटका बसला यावरून थर कठीण आहेत की भुसभुशीत ते कळणार होतं. आणि गरम झालेला टोकदार भाग किती हळू थंड होतो यावरून माती उष्णता कशी वाहून नेते ते. ग्रह आतून किती उष्ण आहे, किती वेगानं थंड होतोय, हे समजायचं तर उष्णतेचा हा प्रवाह माहीत असावा लागतो. आदळतानाचा झटका मागच्या भागाला गुरुत्वाकर्षणाच्या साठ हजार पटीपर्यंत, पुढच्या भागाला तीस हजार पटीपर्यंत. त्यानंतरही इलेक्ट्रॉनिक्स चालू राहायला हवं, आणि उणे 80 अंशांपर्यंतच्या थंडीत बॅटऱ्या टिकायला हव्यात.

प्रकल्पाच्या व्यवस्थापक होत्या सारा गॅव्हिट आणि मुख्य वैज्ञानिक सुझान स्म्रेकर. मोहिमेचा खर्च तीन कोटी डॉलरच्या आत. नवं तंत्रज्ञान आजमावण्यासाठीच आखलेली मोहीम होती ती, त्यामुळे धोका पत्करणं तिच्या स्वभावातच होतं. पण धोका पत्करणं आणि तपासणी टाळणं यांत फरक असतो. पूर्ण जुळवलेलं, चालू स्थितीतलं यान जमिनीवर आपटून पाहण्याची चाचणी झालीच नाही. सुटे भाग आपटून पाहिले. पण रेडिओची उड्डाणासारखी प्रतही आपटून तपासली गेली नव्हती, आणि ज्या उत्पादनातल्या बॅटऱ्या मंगळावर गेल्या त्यातल्याही नाहीत.

12:10

लँडरचं कवच सेकंदाला सुमारे 6.9 किलोमीटर वेगानं मंगळाच्या विरळ हवेत शिरलं. इथून खाली टेकायला साडेचार मिनिटांच्या आसपास. पृथ्वीवर ऐकू काहीच येत नव्हतं. पुढचं सारं, म्हणून, ठरलेला क्रम आणि नंतरच्या चौकशीतला निष्कर्ष जुळवून सांगतोय.

12:13

सात किलोमीटरच्या आसपास पॅराशूट उघडलं असावं. खालचं उष्णतारोधक कवच गळून पडलं, कॅमेऱ्याला जमीन दिसू लागली. मग जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटरवर तीन पाय उघडले.

पाय झटक्यानं उघडतात आणि थांबतात. त्या धक्क्यात संवेदक एका क्षणासाठी दाबला जातो आणि खूण देतो: टेकलो. खूण सेकंदाच्या छोट्याशा अंशापुरतीच टिकते. संगणक संवेदकांकडे सेकंदाला शंभर वेळा पाहत होता आणि लागोपाठ दोनदा खूण दिसली की ती खरी धरायची, अशी त्याला सूचना होती. ती क्षणिक खूण लागोपाठ दोन वेळा पकडली जाण्याइतकी टिकू शकत होती. संगणकानं मग आपल्या स्मृतीत नोंद केली असणार: या पायानं जमिनीला स्पर्श केलेला आहे.

पण अजून त्या नोंदीवर कृती करायची वेळ आलेली नव्हती. कृती करायची ती जमिनीपासून 40 मीटर उरल्यावर. आणि 40 मीटरवर पोहोचल्यावर, निर्णय घेण्याआधी, संगणक एकदा तपासणार होता की एखादा संवेदक बिघडून सतत ‘टेकलो, टेकलो’ तर म्हणत नाही ना. तसा संवेदक सापडला तर त्याला बाद करायचं. ही तपासणी हुशारीची होती. पण ज्याची खूण केव्हाच येऊन गेली आणि जो आता शांत आहे, तो संवेदक या चाळणीतून सुखरूप निसटतो. खूण गेलेली असते, नोंद मात्र राहिलेली असते. नोंद पुसायला कोणी सांगितलेलं नव्हतं.

का सांगितलेलं नव्हतं? संपूर्ण यानाच्या आवश्यकतांच्या कागदात लिहिलेलं होतं की जमिनीच्या अगदी जवळ येईपर्यंत संवेदकांची माहिती वापरू नये. पण तसं का, पाय उघडताना खोटी खूण येऊ शकते म्हणून, हे कारण तिथे नव्हतं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपर्यंत नियम पोहोचला, नियमामागची भीती पोहोचली नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत वाईट वाटतं ते याचं. कोणीतरी, कुठेतरी, धोका ओळखलेला होता.

12:14

पॅराशूट आणि वरचं कवच सोडून यान आता बारा इंजिनांवर उतरत होतं. रडार खालची जमीन मोजत होतं. 40 मीटर. वेग सेकंदाला 13 मीटर. इथून पुढे आणखी मंदावत सेकंदाला 2.4 मीटर वेगानं टेकायचं होतं.

स्पर्शाची तपासणी सुरू झाली. नोंद आधीच ‘हो’ अशी होती. इंजिनं बंद.

चौकशी समितीच्या हिशोबानं यान तिथून मोकळं पडलं आणि सेकंदाला सुमारे 22 मीटर, म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटर वेगानं जमिनीवर आदळलं. पाय तेवढ्या वेगासाठी बनवलेले नव्हते. अकरा महिने उरीपोटी जपलेली आठ भट्ट्यांची पेटी, दोन मीटरचा हात, मायक्रोफोन, सारं त्या धडकेत गेलं असणार.

साधारण त्याच सुमारास, लँडरपासून 60 किलोमीटरवर अमुंडसेन आणि स्कॉट जमिनीवर आदळायचे होते.

12:39

पहिल्या संदेशाची वेळ. उतरल्यावर यानानं धूळ खाली बसू द्यायची, सौरपट्ट्या पसरायच्या, उत्तर-दक्षिण ओळखायची, अँटेना पृथ्वीकडे वळवायचा आणि मग बोलायचं, म्हणून एवढा वेळ धरलेला होता. जेपीएलमध्ये टीव्ही वाहिन्यांचे कॅमेरे लागलेले होते. संदेश आला नाही.

या क्षणी कोणीही हताश झालं नाही, आणि तसं होण्याचं कारणही नव्हतं. यानाला काही खटकलं तर ते सुरक्षित स्थितीत जातं, अँटेना थोडा चुकीच्या दिशेला असू शकतो, संगणक नव्यानं सुरू होत असतो. संचालनाचे प्रमुख रिचर्ड कुक यांच्या हाती अशा शक्यतांची मोठी यादी होती आणि प्रत्येक शक्यतेसाठी पुढची वेळ ठरलेली होती.

दुपारी 2 च्या सुमारास

दुसरी संधी. काही नाही.

संध्याकाळी 7:25

अमुंडसेन आणि स्कॉटचे पहिले शब्द याच वेळी यायचे होते, मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स ग्लोबल सर्व्हेयरच्या मार्फत. लँडरचं एकवेळ समजून घेता येईल, पण हे दोघं त्याच्यावर अवलंबून नव्हते. वेगळा रेडिओ, वेगळी बॅटरी, वेगळी जागा. तिघं एकाच वेळी गप्प का?

या प्रश्नानं त्या रात्री पुष्कळ जणांची झोप उडाली असेल. प्रवासी टप्पा सुटलाच नसेल, तर तिघांचाही घात एकाच कारणानं झाला, असंही म्हणता येतं. ही शक्यता चौकशीतही विचारात घेतली गेली. ती खोडून काढायला पुरावा नाही आणि सिद्ध करायलाही नाही, कारण त्या बारा मिनिटांची एकही नोंद पृथ्वीवर नाही.

4 ते 6 डिसेंबर

लँडरला आज्ञा पाठवल्या गेल्या, प्रत्येक अँटेनाच्या प्रत्येक संभाव्य स्थितीसाठी कान लावून झाले. सर्व्हेयर डोक्यावरून जाताना ऐकत राहिलं. डीप स्पेस 2 च्या बॅटऱ्यांचं आयुष्य एक ते तीन दिवसांचं, म्हणजे दर तासागणिक ती आशा अधिकच क्षीण होत गेली आणि शेवटी विझली.

7 डिसेंबर, मंगळवार

मध्यरात्रीनंतर लँडरशी बोलण्याची शेवटची चांगली संधीही कोरडी गेली. सकाळी कुक यांनी सांगून टाकलं की आता खरी आशा उरलेली नाही. प्रयत्न त्यानंतरही चालू राहिले. जानेवारीत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मोठ्या अँटेनानं एक अगदी क्षीण खूण पकडल्यासारखं वाटलं, आणि नेदरलँड्स, ब्रिटन आणि इटलीतल्या रेडिओ दुर्बिणीही मंगळाकडे वळल्या. ती खूण यानाची नव्हती. मंगळाभोवतीच्या यानांनी पुढे काढलेल्या छायाचित्रांतही आजवर लँडरचे अवशेष निर्विवादपणे दिसलेले नाहीत.

2000, वसंत

कारण सापडलं ते दुसऱ्या यानामुळे. 2001 साली जाणारं पुढचं लँडर त्याच आराखड्याचं होतं आणि त्याच्या पायांची चाचणी चालली होती. पाय उघडले आणि संवेदकांनी खोटी खूण दिली. प्रक्षेपणाआधी पुन्हा न केलेली ती अर्धी चाचणी अखेर झाली, पण दुसऱ्याच यानावर.

व्हॉयेजर आणि गॅलिलिओ मोहिमांचे जुने अनुभवी जॉन कसानी यांच्या समितीनं मार्चमध्ये अहवाल दिला. सर्वांत संभाव्य कारण म्हणजे इंजिनं वेळेआधी बंद पडणं, असं त्यात म्हटलं आहे. ‘सर्वांत संभाव्य’ याच्या पुढे समिती जाऊ शकली नाही. डीप स्पेस 2 बद्दल तर ठाम कारणही देता आलं नाही: रेडिओ, बॅटरी, कडक जमीन, आडवं पडणं, काहीही असेल. पण ती यानं प्रक्षेपणासाठी तयारच नव्हती, असं मात्र स्पष्ट सांगितलं गेलं. व्हायकिंगच्या काळातले टॉम यंग यांच्या दुसऱ्या समितीनं पैशाचा हिशोब मांडला. ऑर्बिटर आणि लँडर या दोन मंगळमोहिमांना गरजेपेक्षा किमान तीस टक्के कमी निधी मिळाला होता, आणि काही माणसं आठवड्याला ऐंशी-ऐंशी तास राबत होती.

उतरताना संदेश न पाठवण्याविषयी कसानी समितीचं मत मला फार मोलाचं वाटतं. एका प्रकल्पाच्या नजरेनं तो निर्णय समजण्यासारखा आहे, असं समिती म्हणते, कारण त्या संदेशांनी हे लँडर वाचलं नसतंच. पण मंगळाच्या एकूण कार्यक्रमाच्या नजरेनं त्याचं समर्थन करता येत नाही, कारण पुढच्या लँडरसाठी हा अपघात समजणं गरजेचं होतं. मी याहून कडक बोलेन. संवेदकाची चूक मानवी होती, थकव्यातून झालेली होती, क्षमा करण्याजोगी होती. उतरणाऱ्या यानाला मुकं ठेवणं ही चूक नव्हती, ती निवड होती. चूक कुठे झाली हे न कळणं म्हणजे तीच चूक पुन्हा करण्याची मुभा घेणं. 2019 च्या सप्टेंबरात चांद्रयान-2 चा विक्रम उतरताना कोसळला तेव्हा इस्रोकडे शेवटच्या टप्प्यापर्यंतची माहिती होती. त्याच माहितीच्या जोरावर 2023 चा विक्रम नव्यानं आखला गेला आणि उतरला. दक्षिण ध्रुवाच्या त्या शुक्रवारी असं काही हाती नव्हतं.

2001 चं ते लँडर रद्द झालं आणि गोदामात ठेवलं गेलं. पुढे त्यालाच फिनिक्स नाव मिळालं. संवेदकांची चूक तर दुरुस्त झालीच, शिवाय बारकाईनं पाहिल्यावर त्या आराखड्यात इतरही अनेक उणिवा सापडल्या, ज्यांतली एखादी 1999 मध्येही नडली असू शकते. फिनिक्स 25 मे 2008 ला मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळ उतरलं, आणि उतरत असताना त्याची प्रत्येक पायरी पृथ्वीवर कळत होती. बॉयन्टन यांच्या भट्टीचा नवा अवतार त्याच्यावर होता. हातानं उकरलेल्या चरात पांढरे तुकडे दिसले, काही दिवसांनी ते उडून नाहीसे झाले, आणि जुलैच्या अखेरीस भट्टीनं पाण्याचा बर्फ असल्याची खात्री दिली.

फिनिक्सच्या आराखड्यावरून पुढे इनसाइट बांधलं गेलं, नोव्हेंबर 2018 मध्ये मंगळाच्या विषुववृत्ताजवळ उतरलेलं. ते ग्रहाच्या पोटात पाहण्यासाठीच गेलं होतं. त्याच्या भूकंपमापकानं 1,319 भूकंप नोंदवले आणि त्यांच्या लहरींवरून मंगळाचं कवच किती जाड आणि गाभा केवढा, हे पहिल्यांदा थेट मोजून सांगता आलं. उपप्रमुख वैज्ञानिक होत्या सुझान स्म्रेकर, ज्यांची दोन यानं 1999 मध्ये जमिनीत घुसायची होती. इनसाइटबरोबर एक जर्मन खिळाही होता, ठोके मारत पाच मीटर खोल जाणारा. मंगळाच्या मातीनं त्याला पुरेशी पकड दिली नाही, आणि जवळपास दोन वर्षं झगडल्यावर जानेवारी 2021 मध्ये तो प्रयत्न सोडून दिला गेला. खिळ्याचं वरचं टोक तेव्हा जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर जमिनीखाली होतं. पण खिळा स्वतः चाळीस सेंटीमीटर लांब होता आणि त्याला तापवता येत होतं. अमुंडसेन आणि स्कॉटला जे मोजायचं होतं तेच मग त्यानं मोजलं: माती उष्णता किती वाहून नेते. वरच्या चाळीस सेंटीमीटरसाठीचा तो आकडा आता हाती आहे. दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फ-धुळीच्या थरांसाठीचा नाही.